नुर्बुर्गरिंग : शर्यतीचे सर्किट आणि लोकांचा रस्ता

मोटार शर्यतींसाठी बांधलेल्या बंदिस्त मार्गाला, म्हणजे सर्किटला, एक विचित्र प्राक्तन लाभलेले असते. ते उभे राहते एका विशिष्ट काळातील मोटारींच्या वेगासाठी आणि पंधरा-वीस वर्षांत मोटारी इतक्या बदलतात, की त्याच मार्गावर त्या पळवणे एक तर धोक्याचे ठरते किंवा कंटाळवाणे. युरोपातील पहिल्या पिढीची बहुतेक सर्किटे या एका कारणाने बंद पडली, तुकड्यातुकड्यांनी बदलली किंवा नावापुरती उरली. जर्मनीच्या पश्चिमेकडील आइफेल डोंगराळ भागातील नुर्बुर्गरिंग हे सर्किट मात्र १९२७ पासून आजतागायत वापरात आहे, आणि तेही त्याच्या मूळ उत्तरेकडील वळशाचा आराखडा जवळजवळ तसाच ठेवून. या दीर्घायुष्याचे श्रेय सामान्यतः तिथे झालेल्या थरारक शर्यतींना आणि नावाजलेल्या चालकांना दिले जाते. त्याचा इतिहास बारकाईने पाहिला तर मात्र वेगळा निष्कर्ष निघतो : जगातील सर्वोच्च दर्जाच्या शर्यतीने, म्हणजे फॉर्म्युला वनने, या मार्गाकडे पाठ फिरवल्यानंतरही तो टिकला, कारण जन्मापासून तो एक रस्ता होता आणि त्यावर सामान्य माणसाचा काही हक्क होता.

पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात, हे सर्किट ज्यात उभे राहिले तो आडेनाउ तालुका प्रशियाच्या ऱ्हाइन प्रांतातील सर्वांत दरिद्री भागांपैकी एक होता. डोंगरउतारावरची हलकी जमीन, थंड व दमट हवा आणि उद्योगधंद्यांचा अभाव यांमुळे तिथली तरुण मंडळी कामासाठी बाहेर पडत. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीस याच परिसरातील सार्वजनिक रस्त्यांवर मोटार शर्यती होऊ लागल्या, त्यांना गर्दीही लोटू लागली. पण गावांमधून जाणाऱ्या कच्च्या रस्त्यांवर शर्यत घेणे किती जोखमीचे आहे हेही त्याबरोबर उघड झाले. तालुक्याचे प्रशासक ओटो क्रॉइट्झ यांनी या दोन अडचणींची सांगड घातली. बेरोजगारांना भत्ता वाटण्यापेक्षा त्यांना उपयुक्त सार्वजनिक कामावर लावावे, हे वायमार प्रजासत्ताकाचे धोरण होते, आणि त्या निधीतून कायमस्वरूपी शर्यतमार्ग बांधण्याची योजना त्यांनी पुढे रेटली. आपल्याकडील रोजगार हमीच्या कामांमागे जो विचार आहे, त्याच जातीचा हा विचार होता. कोलोनचे तेव्हाचे महापौर कोनराड आडेनाउअर, जे पुढे पश्चिम जर्मनीचे पहिले चान्सलर झाले, यांचाही या योजनेला पाठिंबा मिळाला. २७ सप्टेंबर १९२५ रोजी पायाभरणी झाली, काम ऐन भरात असताना सुमारे ३,००० मजूर त्यावर राबत होते आणि खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पट वाढून दीड कोटी राइशमार्कच्या घरात गेला. या उधळपट्टीवर तेव्हाही कडक टीका झाली, आणि ती सर्वस्वी गैरलागू नव्हती.

तरीही त्या खर्चामागील कल्पना शर्यतीपुरती मर्यादित नव्हती, ही गोष्ट महत्त्वाची आहे. जर्मन मोटार उद्योगाला आपली वाहने चढ, उतार, वळणे आणि खराब हवा यांत तपासून पाहण्यासाठी जागा हवी होती, पर्यटकांना त्या दुर्लक्षित भागाकडे वळवायचे होते आणि शर्यत नसेल त्या दिवशी कोणालाही टोल भरून एकेरी वाहतुकीच्या या मार्गावर आपली गाडी चालवता यावी, अशी तरतूद प्रारंभापासूनच होती. १८ जून १९२७ रोजी मोटारसायकलींच्या शर्यतीने मार्गाचे उद्घाटन झाले आणि दुसऱ्या दिवशी मोटारींच्या शर्यतीत रुडॉल्फ काराचिओला मर्सिडीजवर विजयी झाला. संपूर्ण मार्गाची लांबी २८.२६५ किलोमीटर होती, त्यात २२.८१० किलोमीटरचा उत्तर वळसा, म्हणजे नॉर्डश्लाइफे, आणि ७.७४७ किलोमीटरचा दक्षिण वळसा, असे दोन स्वतंत्रपणेही वापरता येणारे भाग होते.

या उत्तर वळशाची रचना समजून घेतल्याशिवाय पुढचा वाद समजत नाही. बाराव्या शतकातील नुर्बुर्ग किल्ल्याभोवतीच्या जंगलातून हा मार्ग डोंगराचा आकार जसा असेल तसा वळत जातो. सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा बिंदू यांच्या उंचीत सुमारे ३०० मीटरचे अंतर आहे, त्यामुळे सुरुवातीला कोरडे ऊन असताना पलीकडच्या उतारावर पाऊस किंवा धुके असणे ही तिथली नेहमीची बाब आहे. सत्तरहून अधिक वळणांपैकी कित्येक चढाच्या माथ्यापलीकडे दडलेली असल्याने रस्ता कुठे वळतो हे चालकाला दिसत नाही, ते त्याला आठवावे लागते. ‘कारुसेल’ नावाचे वळण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. जवळजवळ अर्धवर्तुळाकार असलेल्या या वळणाच्या आतल्या कडेला मुळात एक खोलगट, उताराची पट्टी होती. बाहेरच्या सपाट रस्त्याने जाण्याऐवजी चाके त्या खोलगटात सोडली तर गाडी उताराच्या आधाराने अधिक वेगात वळते, हे काराचिओलासारख्या चालकांनी हेरले, आणि पुढे ती पट्टी काँक्रीटच्या फरशांनी पक्की करण्यात आली. आजही गाडी त्या खोलगटात उतरली, की फरशांच्या सांध्यांवरून चाके सलग आदळत जातात, गाडीची स्प्रिंगे पार दबतात आणि बाहेर पडताना ती क्षणभर हलकी होऊन उसळते. सपाट जमिनीवर संगणकाने आखलेल्या वळणात असा अनुभव घडवता येत नाही, कारण इथे आधी डोंगर होता आणि मार्ग नंतर आला.

१९३० च्या दशकात नाझी राजवटीने या सर्किटाचा उपयोग राष्ट्रीय सामर्थ्याच्या प्रदर्शनासाठी केला. मर्सिडीज आणि आउटो उनियोन या कंपन्यांना सरकारी पैसा मिळाला, त्यांच्या चंदेरी गाड्यांचे विजय प्रचारयंत्रणेने देशाचे विजय म्हणून मांडले, आणि म्हणूनच १९३५ च्या जर्मन ग्रांप्रीत इटलीच्या ताझिओ नुवोलारीने तुलनेने जुन्या व कमी ताकदीच्या आल्फा रोमिओवर त्या सर्वांना हरवले, तेव्हा त्या विजयाला खेळापलीकडचा अर्थ आला. डोंगरी मार्गावर इंजिनाच्या ताकदीइतकेच चालकाच्या कौशल्याला मोल असते, हे त्यातून सिद्ध झाले.

हेच सत्य ४ ऑगस्ट १९५७ रोजी अधिक ठळकपणे दिसले. अर्जेंटिनाचा ४६ वर्षांचा हुआन मॅन्युएल फांजिओ मासेराती गाडीत अर्धीच टाकी भरून निघाला; गाडी हलकी ठेवून आघाडी घ्यायची आणि मध्यावर थांबून इंधन व टायर घ्यायचे, असा त्याचा बेत होता. हा थांबा अपेक्षेपेक्षा लांबला आणि तो पुन्हा रस्त्यावर आला, तेव्हा फेरारीचे माइक हॉथॉर्न आणि पीटर कॉलिन्स हे दोघे तरुण ब्रिटिश चालक त्याच्या पाऊण मिनिटाहून अधिक पुढे होते. त्यानंतर फांजिओने एका फेरीमागून दुसऱ्या फेरीत वेळेचा उच्चांक मोडला, विसाव्या फेरीत ९ मिनिटे १७.४ सेकंद ही वेळ नोंदवली, जी त्याच्याच पात्रता फेरीतील वेळेपेक्षा आठ सेकंदांनी कमी होती, आणि एकविसाव्या फेरीत दोघांनाही मागे टाकले. आधी ज्या वळणांवर तो एक गिअर खाली घेत असे, तिथे त्याने वरचाच गिअर कायम ठेवला होता. त्या विजयासह त्याचे पाचवे विश्वविजेतेपद निश्चित झाले. मानवी शरीर, यंत्र आणि भूमी यांच्यातील इतका पूर्ण मेळ क्वचितच कुठल्या खेळात पाहायला मिळाला असेल, आणि जे या मार्गाला केवळ मृत्यूचा सापळा समजतात त्यांनी ही शर्यतही हिशेबात धरायला हवी.

मृत्यूचा हिशेब मात्र टाळता येत नाही. १९५४ मध्ये ओनोफ्रे मारिमोन, १९५८ मध्ये फांजिओच्या त्या शर्यतीतील प्रतिस्पर्धी पीटर कॉलिन्स, १९६९ मध्ये गेरहार्ड मिटर असे एकेक चालक इथे प्राणाला मुकले. १९६८ ची जर्मन ग्रांप्री पाऊस आणि दाट धुक्यात घेण्यात आली. तीत स्कॉटलंडचा जॅकी स्ट्यूअर्ट दुसऱ्या क्रमांकापेक्षा चार मिनिटांहून अधिक आधी पोहोचला. ज्या मार्गाला त्याने ‘हिरवा नरक’ हे नाव दिले, त्या मार्गावरचा इतका मोठा विजय त्याच्याच नावावर असल्याने, सुरक्षिततेसाठी त्याने चालवलेल्या चळवळीला भित्रेपणा म्हणणाऱ्यांचे तोंड बंद व्हायला हवे होते. तसे झाले नाही, आणि कित्येक आयोजक व पत्रकार त्याच्यावर खेळाचा आत्मा मारल्याचा आरोप करीत राहिले. स्ट्यूअर्टचे म्हणणे साधे व निरुत्तर करणारे होते. वेग कवटाळण्याचा धोका चालकाने स्वतः पत्करलेला असतो; पण वळणाच्या कडेला उभी असलेली झाडे, उघडे खांब, अपुरी अग्निशमन व्यवस्था आणि लांबवर असलेले डॉक्टर हा धोका इतरांच्या निष्काळजीपणातून त्याच्यावर लादला जातो, आणि अशा धोक्याला शौर्याचे नाव देण्याचा अधिकार कोणालाही नाही. १९७० मध्ये चालकांनी इथे शर्यत करण्यास नकार दिला, जर्मन ग्रांप्री त्या वर्षी हॉकेनहाइमला हलली आणि त्यानंतर रस्त्याचे उंचवटे कमी करून, झाडे तोडून व लोखंडी कठडे बसवून १९७१ मध्ये ती परत आणण्यात आली.

१ ऑगस्ट १९७६ चा निकी लाउडाचा अपघात या मार्गाच्या इतिहासातील निर्णायक क्षण मानला जातो. शर्यतीपूर्वी, या मार्गावरच्या अपुऱ्या सुरक्षाव्यवस्थेत ती होऊ नये, अशी भूमिका लाउडाने चालकांच्या बैठकीत मांडली होती आणि मतदानात ती फेटाळली गेली होती. दुसऱ्याच फेरीत ‘बेर्गवेर्क’ वळणाच्या अलीकडे त्याची फेरारी कडेच्या बांधावर आदळून पेटली, आणि त्याला जळत्या गाडीतून ओढून काढले ते मागून आलेल्या चालकांनी : आर्तुरो मेर्झारिओ, गाय एडवर्ड्स, ब्रेट लंगर आणि हारल्ड एर्टल यांनी. सहा आठवड्यांत लाउडा मोंझाच्या शर्यतीत परतला आणि चौथा आला, ही कथा सर्वांना माहीत आहे. पण विचार करण्याजोगी गोष्ट अशी, की सुरक्षा पथकाआधी प्रतिस्पर्धी तिथे पोहोचले. बावीस किलोमीटर लांबीच्या जंगलात दर शंभर मीटरवर प्रशिक्षित माणसे, अग्निशामके आणि रुग्णवाहिका ठेवणे कोणत्याही आयोजकाला शक्य नव्हते. दूरचित्रवाणीचे गणितही याच लांबीपाशी अडत होते : चार-पाच किलोमीटरच्या सर्किटावर मोजक्या कॅमेऱ्यांनी सगळी शर्यत दाखवता येते, इथे मात्र गाड्या डोळ्यांसमोरून गेल्या, की सात मिनिटे परत दिसत नसत. त्यामुळे लाउडाचा अपघात झाला नसता तरी फॉर्म्युला वन इथे फार काळ टिकली नसती. अपघाताने आधीच सुरू झालेली माघार पुरी केली, इतकेच.

१९७७ पासून जर्मन ग्रांप्री हॉकेनहाइमला गेली. दक्षिण वळसा मोडीत निघाला आणि त्या जागेवर १२ मे १९८४ रोजी ४.५४२ किलोमीटरच्या नव्या सर्किटाचे उद्घाटन झाले. गाडी रस्ता सोडून गेली तर थांबायला रुंद मोकळी जागा, प्रेक्षकांसाठी उंच सज्जे, वैद्यकीय सोयी असे सारे काही त्यात होते. उद्घाटनाला एकाच नमुन्याच्या मर्सिडीज गाड्यांची शर्यत झाली व ती आयर्टन सेना या तेव्हाच्या नवख्या ब्राझिलियन चालकाने जिंकली. तरीही या नव्या सर्किटाला जुन्याची सर कधी आली नाही. फॉर्म्युला वन तिथे काही वर्षे आली, गेली, पुन्हा आली. २०१३ नंतर ती फक्त एकदा, महामारीच्या वर्षी म्हणजे २०२० मध्ये परतली.

जुना उत्तर वळसा मात्र या काळात उलट अधिक जिवंत झाला. १९७० मध्ये सुरू झालेली चोवीस तासांची शर्यत, जीत व्यावसायिक चालकांबरोबर हौशी मंडळीही साध्या गाड्या घेऊन उतरतात, तिथली सर्वांत मोठी जत्रा बनली. १९७७ पासून तशाच स्वरूपाची मालिका वर्षभर होऊ लागली. नुर्बुर्ग गावातच हॉटेल चालवणाऱ्या कुटुंबात वाढलेली सबिने श्मिट्झ हिने १९९६ आणि १९९७ मध्ये ही चोवीस तासांची शर्यत जिंकली, तो मान मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली, आणि या मार्गाशी स्थानिक लोकांचे नाते किती सखोल आहे याचे दुसरे मोठे उदाहरण शोधण्याची गरज नाही. मोटार कंपन्यांनी वर्षातील ठरावीक आठवडे चाचण्यांसाठी मार्ग भाड्याने घेण्याची पद्धत रूढ केली, कारण ब्रेक, सस्पेन्शन आणि टायर यांची जी झीज अन्यत्र हजारो किलोमीटरमध्ये होते, ती इथे फार कमी अंतरात दिसून येते. या चाचण्यांचे एक अनिष्ट रूपही पुढे आले. एका फेरीची वेळ ही जाहिरातीचा मुद्दा बनली, आणि रोजच्या रस्त्यावर कधीच लागणार नाही अशा वेगासाठी गाड्या घट्ट व खडबडीत बनवल्या जाऊ लागल्या. २०१८ मध्ये टिमो बेर्नहार्ड याने शर्यतीच्या नियमांतून मुक्त केलेल्या पोर्शवर ५ मिनिटे १९.५४६ सेकंदांत फेरी पूर्ण केली आणि श्टेफान बेलोफने १९८३ मध्ये केलेला ६ मिनिटे ११.१३ सेकंदांचा उच्चांक मोडला. यंत्रकौशल्य म्हणून ते स्तुत्य आहे, पण बेलोफची वेळ शर्यतीच्या पात्रता फेरीतील होती आणि तिचे मोल म्हणूनच वेगळे आहे.

या सर्किटावरचे सर्वांत मोठे संकट मात्र वेगातून आले नाही, ते आले सरकारी महत्त्वाकांक्षेतून. सर्किटाची मालकी ऱ्हाइनलँड-पॅलेटिनेट राज्याकडे ९० टक्के आणि आरवायलर जिल्ह्याकडे १० टक्के होती. वर्षभर पर्यटक यावेत या हेतूने राज्य सरकारने तिथे झाकलेला बाजारमार्ग, हॉटेले, सभागृहे, संग्रहालयवजा मनोरंजन केंद्र आणि ताशी २१७ किलोमीटर वेगाने सुटेल असा पाळणा (रोलर कोस्टर) असे संकुल उभारले. खासगी गुंतवणूकदार पैसा आणतील असे सांगितले गेले होते. गुंतवणूकदार म्हणून पुढे केलेल्या परदेशी व्यक्तीचे धनादेश बनावट निघाले आणि सुमारे ३३ कोटी युरोंचा बोजा सार्वजनिक तिजोरीवर पडला. अर्थमंत्र्यांना २००९ मध्ये राजीनामा द्यावा लागला व पुढे त्यांच्यावर खटलाही चालला. त्या पाळण्यात चाचणीच्या वेळीच स्फोट झाला, तो चार वर्षे बंद राहिला आणि २०१३ च्या शरद ऋतूत चार दिवस चालून कायमचा थांबला. हा प्रकार एका प्रशासनाच्या मूर्खपणाचा म्हणून सोडून देणे योग्य नाही. जंगलातला रस्ता पाहायला आणि चालवायला जी माणसे दुरून येत होती, तंबूत राहत होती आणि गावातल्या छोट्या खानावळीत जेवत होती, त्यांना काय हवे आहे हे न विचारता, त्यांच्या जागी एका कल्पित श्रीमंत ग्राहकाला बसवण्यात आले होते, आणि तो ग्राहक आलाच नाही. १९२५ च्या योजनेनेही अंदाजपत्रक ओलांडले होते. पण त्या पैशातून मजुरांना रोजगार आणि भागाला रस्ता मिळाला, तर २००९ च्या पैशातून स्थानिक खानावळींना सरकारी स्पर्धक मिळाला.

जुलै २०१२ मध्ये सर्किट चालवणाऱ्या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. मार्च २०१४ मध्ये ते सुमारे ७.७ कोटी युरोंना काप्रिकॉर्न या जर्मन उद्योगसमूहाला विकले गेले, आणि तो समूह हप्ते भरण्यात कमी पडताच त्याच वर्षी मालकीचा मोठा हिस्सा रशियन उद्योगपती व्हिक्टर खारितोनिन यांच्याकडे गेला. आधी दिलेली सरकारी मदत बेकायदा असल्याचा निर्णय युरोपीय आयोगाने दिला, पण विक्री वैध ठरवली. चाहत्यांच्या संघटनेने या विक्रीला आव्हान दिले आणि २०२१ मध्ये युरोपीय न्यायालयाने, आयोगाने विक्रीची पुरेशी चौकशी केली नव्हती, असे म्हटले. एका रस्त्याच्या चाहत्यांनी लक्झेंबर्गमधील त्या न्यायालयापर्यंत दाद मागावी, हे त्या रस्त्याशी असलेल्या नात्याचे बोलके प्रमाण आहे.

लोकांच्या हक्कामुळे हा मार्ग टिकला, या मतावर एक गंभीर आक्षेप घेता येतो. टोल भरून कोणालाही गाडी चालवू देणे म्हणजे स्ट्यूअर्टने ज्या धोक्याविरुद्ध लढा दिला, तोच धोका अप्रशिक्षित माणसांवर मोकळा सोडणे नव्हे काय? मार्च २०१५ मध्ये ‘फ्लुगप्लाट्झ’ या चढाच्या माथ्यावर एक शर्यतीची गाडी हवेत उडून कुंपणापलीकडे गेली आणि एका प्रेक्षकाचा मृत्यू झाला. त्यानंतर काही भागांत वेगमर्यादा घातली गेली आणि तिथले उंचवटे व कठडे सुधारल्यावर २०१६ मध्ये ती उठवली. पर्यटकांच्या फेऱ्यांतही अपघात होतात, जीवही जातात. याचे उत्तर असे, की त्या फेऱ्यांत मार्गाला रस्त्याचे नियम लागू असतात, वेळ मोजून पळण्यास बंदी असते, कठड्याचे नुकसान केले तर त्याची भरपाई चालकाला स्वतः द्यावी लागते. स्ट्यूअर्टची कसोटी इथे लावली, तर धोका लादला जातो की पत्करला जातो, हा प्रश्न उरतो. प्रेक्षकाच्या बाबतीत तो लादला गेला होता आणि म्हणून तिथे सुधारणा अटळ होती, तर आपली गाडी स्वतः चालवणाऱ्याच्या बाबतीत तो बऱ्याच अंशी पत्करलेला असतो. हे उत्तर पूर्ण समाधानकारक नाही, कारण त्याच रस्त्यावर त्याच्या मागून येणाऱ्या संयमी चालकाने तो धोका पत्करलेला नसतो.

भारतीय वाचकाला या इतिहासाची तुलना ग्रेटर नोएडाच्या बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटाशी करता येईल. नुर्बुर्गरिंगच्याच शर्यतींत स्वतः भाग घेणाऱ्या हर्मान टिल्के या जर्मन अभियंत्याने आखलेल्या ५.१२५ किलोमीटरच्या या सर्किटावर ३० ऑक्टोबर २०११ रोजी पहिली भारतीय ग्रांप्री झाली, सेबास्टियन फेटेलने तिथल्या तिन्ही शर्यती जिंकल्या आणि २०१३ नंतर फॉर्म्युला वन परतली नाही. करांचे वाद, ही शर्यत खेळ की मनोरंजन याबद्दलचा सरकारी संभ्रम आणि बांधकाम करणाऱ्या समूहाची आर्थिक घसरण ही कारणे खरी आहेत. तरी एक कारण अधिक मूलभूत वाटते : शेतजमिनीवर उभ्या राहिलेल्या त्या सर्किटाने भोवतालच्या गावांना स्वतःशी बांधून घेतले नाही, आणि परदेशी मालिका गेल्यावर त्याची पाठराखण करणारा समाज मागे उरला नाही. आइफेलमध्ये असा समाज होता. जुलै २०२१ मध्ये जवळच्या आर नदीला विनाशकारी पूर आला, तेव्हा बचाव पथकांचा आणि मदतसाहित्याचा मोठा तळ याच सर्किटाच्या आवारात उभारला गेला.

या संदर्भात २०१३ मधील एक घटना तिथल्या कोणत्याही विक्रमापेक्षा महत्त्वाची मानावी लागते. विक्रीची प्रक्रिया चालू असताना ऱ्हाइनलँड-पॅलेटिनेटच्या विधिमंडळाने स्वतंत्र कायदा करून, मालक कोणीही असला तरी हा मार्ग सर्वसामान्यांच्या वापरासाठी खुला राहील, याची तरतूद केली. करोडो युरो गमावून बसलेल्या राज्याने आपली मालकी विकली, पण लोकांचा वापराचा हक्क विक्रीतून बाहेर ठेवला. आज खासगी मालकाला शर्यती, कंपन्यांच्या चाचण्या आणि पर्यटकांच्या फेऱ्या यांचे वेळापत्रक आखताना या कायद्याचे भान ठेवावे लागते, आणि विजेवर चालणाऱ्या गाड्या, आवाजाचे निर्बंध व वाढता विमाखर्च यांमुळे मार्गाचे स्वरूप पुढे बदलले, तरी फाटक कोणासाठी उघडे ठेवायचे हा निर्णय एकट्या मालकाच्या हातात नाही.